मोतीबिंदूचं ऑपरेशन: वेळ झाली आहे हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, ठाण्यात वर्तकनगरला राहतात, बारा वर्षांपासून मधुमेह. सोसायटीतल्या नेत्रतपासणी शिबिरात सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजव्याचं ऑपरेशन महिन्याभरात करून टाका. नजर उजव्या डोळ्याची ६/१८, डाव्याची ६/९. घरचे जुने डॉक्टर म्हणतात, अजून पिकलेला नाही, थांबा. वडील म्हणतात, मी रोज पेपर वाचतो, मला काही त्रास नाही. मग ऐकायचं कोणाचं?

मोतीबिंदू आहे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. सत्तरीत तो, म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं, कमीजास्त प्रमाणात बहुतेकांना असतो. ठरवायच्या गोष्टी दोन आहेत. उजव्या डोळ्याला कमी दिसतंय ते मोतीबिंदूमुळेच का? आणि त्या कमी दिसण्यामुळे वडिलांचं रोजच्या जगण्यात काय अडतंय? पहिल्याचं उत्तर तपासणीच्या खुर्चीत मिळतं, दुसऱ्याचं तुमच्या घरात. दोन्हींची उत्तरं ‘हो, यामुळेच’ आणि ‘हो, अडतंय’ अशी आली की वेळ झाली. काही डोळे याला अपवाद असतात, त्यांत कशाची वाट बघायची नसते. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी ‘पिकू द्या’चं बघू, कारण हा सल्ला अजून घरोघरी चालतो. एके काळी तो अगदी योग्य होता. तेव्हा डोळा बराच मोठा उघडून अख्खं भिंग बाहेर काढत आणि त्याच्या जागी काही बसवत नसत. मग आयुष्यभर +१० च्या आसपासचा जाड काचांचा चष्मा. त्या चष्म्यातून वस्तू पंचवीस-तीस टक्के मोठ्या दिसायच्या. एका डोळ्यात असं मोठं चित्र आणि दुसऱ्यात नेहमीचं, ही जोडी मेंदूला जुळवता येत नाही, सगळं दोन-दोन दिसतं. म्हणून दुसऱ्या डोळ्याने काम चालतंय तोवर थांबण्यातच शहाणपण होतं. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनला १९४९ साली डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत फेको (आजचं लहान चिरेचं ऑपरेशन) सुरू केलं, पण या गोष्टी आपल्याकडे सर्रास व्हायला पुढे काही दशकं गेली. त्यामुळे आज सत्तरीत असलेल्यांच्या डोक्यात त्यांच्या आईवडिलांच्या वेळचा सल्ला पक्का बसला आहे.

आता गणित उलटं झालं आहे. फेकोत साधारण दोन ते तीन मिलिमीटरच्या चिरेतून बारीक सुई आत जाते आणि अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंगाचा गाभा फोडून ओढून घेतला जातो. (लोक याला ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात. ते लेझर नव्हे. लेझर वापरून करायची पद्धत वेगळी आहे, महागही आहे, आणि गाभा काढायला शेवटी तिथेही फेको लागतंच.) गाभा मऊ असेल तर ऊर्जा कमी लागते, डोळा दुसऱ्या दिवशी शांत दिसतो. वर्षानुवर्षं थांबून तोच गाभा तपकिरी आणि सुपारीसारखा टणक झाला की ऊर्जा जास्त लागते आणि त्याची झळ कॉर्नियाच्या (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या पेशींना बसते. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे सूज जास्त दिवस राहते, नजर उशिरा सुधारते. भिंगाला धरून ठेवणारे बारीक तंतूही वयाबरोबर सैल झालेले असतात आणि ज्या पिशवीत नवी लेन्स बसवायची ती फाटण्याची शक्यता वाढते. असा मोतीबिंदू काढता येत नाही असं मुळीच नाही. सहा-सात मिलिमीटरच्या, बिनटाक्याच्या चिरेतून करतात ती एसआयसीएस पद्धत अशाच डोळ्यांसाठी उत्तम चालते. पण मुद्दाम तिथवर जायचं कारण काय?

याचा अर्थ शिबिरातलं ‘महिन्याभरात’ बरोबर, असाही नाही. साधा मोतीबिंदू ही तातडीची गोष्ट नाही. दोन-चार महिने इकडेतिकडे झाल्याने डोळ्याचं नुकसान होत नाही. महिन्याभराची घाई का, याचं कारण कोणी सांगितलं असेल, म्हणजे डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढलंय, भिंग फुगलंय, मागचा पडदा (रेटिना) तपासताना दिसत नाहीये, तर गोष्ट वेगळी. नुसतंच ‘करून टाका’ असेल तर पूर्ण तपासणी होईपर्यंत तारीख घेऊ नका.

आता आकडा. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर अठरा मीटरवरून ओळखतो, ते ओळखायला वडिलांच्या उजव्या डोळ्याला सहा मीटरवर यावं लागतं. पण हा आकडा कसा घेतला, हे त्याहून महत्त्वाचं. चष्म्याशिवाय? तीन वर्षं जुन्या चष्म्याने? की नवीन नंबर काढून? शिबिरात वेळ कमी आणि रांग मोठी असते, त्यामुळे बहुधा पहिल्या दोनांपैकी एक. माझ्याकडे येणाऱ्यांत हे सतत दिसतं: जुन्या चष्म्याने ६/१८ वाचणारा माणूस उणे दीडचा फरक दिला की ६/९ वाचतो. मोतीबिंदू तेवढाच, नजर दोन ओळी वर. अशा वेळी वर्षभर चष्म्यावर निभावणं पूर्णपणे रास्त आहे. मात्र सहा महिन्यांत नंबर पुन्हा बदलला, मग पुन्हा बदलला, तर भिंगाचा गाभा दाट होत चालल्याचं ते लक्षण आहे. दर वेळी प्रोग्रेसिव्ह काचांवर खर्च करण्यापेक्षा मग ऑपरेशनचा विचार बरा. चष्मेवाल्याने नंबर काढून दिला तर एवढं विचारा: ‘याने ते शेवटून दुसरी ओळ वाचतायत का?’ नवीन नंबर घालूनही ६/१२ च्या खालीच राहत असेल तर चष्मा बनवण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.

इथे एक गंमत सांगायला हवी. काही आजी-आजोबांना सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागतो. घरात कौतुक होतं, गाजराच्या रसाला श्रेय मिळतं. प्रत्यक्षात गाभा दाट झाल्याने डोळ्याला उणे नंबर आलेला असतो, त्यामुळे जवळचं दिसतं आणि लांबचं गेलेलं असतं. तुमच्या वडिलांचं ‘मी पेपर वाचतो’ हे यातलंही असू शकतं. पेपर वाचता येणं हा मोतीबिंदू कमी असल्याचा पुरावा नाही.

‘त्रास नाही’ यावर भरवसा न ठेवण्याचं दुसरं कारण त्यांच्याच आकड्यांत आहे. डावा डोळा ६/९ आहे. दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू चांगल्या डोळ्याचं ऐकतो. उजवा मागे पडल्याचं त्यांना खरोखरच कळत नसेल. ते खोटं बोलत नाहीयेत. शिवाय नजर इतकी हळू उतरते की माणूस तक्रार करण्याऐवजी ती कामंच सोडून देतो. म्हणून ‘दिसतं का?’ असं विचारू नका. काय काय करायचं बंद झालंय ते बघा.

तलावपाळीला संध्याकाळी जाणारे वडील आता दुपारी चारला जाऊन उजेडात परत येतात का? टीएमटीच्या बसचा नंबर बस अगदी समोर आल्यावरच कळतो का, की शेजारच्याला विचारतात? ठाणे स्टेशनवर इंडिकेटरकडे न बघता गर्दी जिकडे वळेल तिकडे जातात का? पुलाच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी पायाने चाचपतात का, लोकलमधून उतरताना फलाटाच्या फटीपाशी थबकतात का? स्कूटर किंवा गाडी चालवत असतील तर घोडबंदर रोडला पावसाच्या संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांनी काचेवर सगळं पांढरं पसरतं का? चहा कपाच्या काठावर सांडतो का? एक डोळा मागे पडला की खोलीचा अंदाज जातो, आणि कपात ओतणं, सुईत दोरा, प्लग लावणं, पायरी यांत ते आधी दिसतं. निळे आणि काळे मोजे एकत्र घातले जातात का? पांढरा सदरा पिवळट वाटून पुन्हा धुवायला टाकतात का? यातली एखादी गोष्ट म्हातारपणामुळेही होते. तीन-चार एकदम जुळल्या तर डोळ्यांकडे बोट जातं.

घरी करता येईल अशी एक साधी चाचणी आहे. भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. वडिलांना वाचायचा चष्मा लावू द्या. डाव्या डोळ्यासमोर जाड पुठ्ठा धरा. तळहाताने डोळा दाबला तर उघडल्यावर काही वेळ धूसरच दिसतं, आणि बोटांच्या फटीतून लोक नकळत बघतात. साधारण ४० सेंटिमीटरवर, म्हणजे कोपर वाकवून सहज धरतो तेवढ्या अंतरावर, तारखेखालचा तिथीचा बारीक मजकूर वाचायला सांगा. मग दुसरा डोळा. हेच एकदा ट्यूबलाइटखाली आणि एकदा खिडकीशी, बाहेरच्या लख्ख उजेडाकडे तोंड करून. दोन्ही डोळ्यांत किती फरक आहे ते कळेलच. उजेडाकडे तोंड केल्यावर वाचणं आणखी बिघडलं तर ते नीट लिहून ठेवा, कारण त्यावरून मोतीबिंदू कुठल्या जागी आहे याचा अंदाज येतो.

जागेचं महत्त्व असं. गाभ्यातला मोतीबिंदू हळू वाढतो, नंबर उणेकडे सरकतो, रंग पिवळट होतात, लांबचं आधी जातं. कडेकडून आत येणाऱ्या रेषांचा मोतीबिंदू प्रकाश फाकवतो, रात्री दिव्यांना काटे फुटतात. संकष्टीला चंद्र बघताना एक डोळा झाकूनही एकाऐवजी दोन-तीन चंद्र दिसतात ते मोतीबिंदूने होऊ शकतं. (एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक होत असेल तर कारण वेगळं, डोळ्यांच्या हालचालीचं. तसं अचानक सुरू झालं तर मधुमेह्याने लगेच दाखवावं.) तिसरा प्रकार भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, अगदी मध्यभागी येतो. मधुमेह असलेल्यांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत तो जास्त दिसतो. हा फसवा आहे. भर उन्हात बाहुली लहान होते, सगळा प्रकाश नेमका त्या डागातूनच जातो, म्हणून दुपारी रस्त्यावर दिसत नाही आणि संध्याकाळी घरात बरं दिसतं. वाचायचंही लवकर जातं. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत बाहुली मोठी होऊन हाच माणूस ६/९ वाचून दाखवतो आणि ‘नजर चांगली आहे’ म्हणून परत पाठवला जातो. असा मोतीबिंदू काही महिन्यांतही वाढू शकतो. सांधेदुखीसाठी नाव नसलेल्या पुड्या घेतल्या असतील तर लाजू नका, सांगा. त्यांत स्टेरॉइड असू शकतं.

एवढ्यावरून कळलं असेल की नुसत्या आकड्यावर मी वेळ ठरवत नाही. रात्री गाडी चालवावी लागणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला ६/९ असूनही समोरच्या दिव्यांनी काही दिसत नसेल, तर ऑपरेशन रास्त आहे. आणि ८६ वर्षांच्या आजी घरातच असतात, देवाचं करतात, टीव्हीचा आवाज ऐकतात, ६/२४ आहे पण पडल्या-झडल्या नाहीत आणि त्यांना नको आहे, तर सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणायला हरकत नाही. नवीन चष्म्यानेही ६/१८ किंवा त्याखाली असेल तेव्हा मात्र बहुतेकांचं काही ना काही अडलेलं असतंच, कबूल करोत वा न करोत.

आता खुर्चीतला भाग, म्हणजे दिसत नाही ते मोतीबिंदूमुळेच का. सत्तरीत मोतीबिंदू सापडणं सोपं आणि म्हणूनच धोकादायक आहे: तो सापडला की शोध थांबतो. मागे पडदा खराब असेल, काचबिंदूने डोळ्याची नस सुकत असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर येत नाही आणि घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब टाकून तपासल्याशिवाय कोणीही ऑपरेशनची तारीख ठरवू नये. थेंबांनंतर तीन-चार तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. वडिलांना एकटं पाठवू नका, स्कूटरवर तर नाहीच, आणि गॉगल सोबत द्या.

डॉक्टर त्यात काय बघतात? नवीन नंबर घालून उत्तम नजर किती. डोळ्याचं प्रेशर (साधारण १० ते २१ हे नेहमीचं). स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर) मोतीबिंदू कुठे आणि किती दाट. मागे पडदा आणि नस. मग मेळ घालून बघतात. मोतीबिंदू दाट आणि नजर ६/१८, तर मेळ बसला. मोतीबिंदू पातळ, पण नजर ६/१८, तर काहीतरी दुसरं आहे. अशा वेळी पडद्याचा ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचं चित्र) करतात. दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. मोतीबिंदू इतका दाट की पडदाच दिसत नाही, तर बी-स्कॅन सोनोग्राफी. तुम्हाला घरीही एक खूण तपासता येईल: बाथरूमच्या फरश्यांच्या किंवा खिडकीच्या गजांच्या सरळ रेषा एका डोळ्याने वाकड्या दिसत असतील तर ते मोतीबिंदूचं लक्षण नाही, पडद्याचं आहे. तिथे आठवडे घालवू नका.

मोतीबिंदू म्हणून लोक दाखवायला येतात त्यांतल्या दोन गोष्टी तो नसतात. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढणारा मांसल पडदा म्हणजे वडस. आणि म्हाताऱ्या माणसांच्या बुबुळाभोवतीचं पांढरट कडं वयाचं असतं, त्याने नजर जात नाही. मोतीबिंदू बाहेरून दिसतो तो बाहुलीच्या काळ्या भागात, आणि तिथे पांढरं दिसायला लागेपर्यंत फार पुढे गेलेला असतो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत बारा वर्षांचा मधुमेह हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि शिबिराच्या कागदावर त्याचा उल्लेख नाही असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. मधुमेहाने पडद्यावर रक्तस्राव किंवा सूज आहे का, हे आधी बघायला हवं. सूज असेल तर बहुधा आधी तिचा उपचार, इंजेक्शन किंवा लेझर, मग मोतीबिंदू. कारण तशाच डोळ्यावर ऑपरेशन केलं तर सूज वाढू शकते. उलट, मोतीबिंदूमुळे पडदा नीट दिसतच नसेल किंवा लेझर करता येत नसेल, तर ६/१२ असतानाही तो लवकर काढावा लागतो. एकाच आजारामुळे कधी थांबायचं, कधी घाई करायची. हे खुर्चीतच ठरतं, इथे बसून मी सांगू शकत नाही.

साखरेचं आणखी एक. साखर वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर तीनशे असताना काढलेला नंबर ती दीडशेला आल्यावर लागू पडत नाही. म्हणून नंबर काढण्याआधी आणि लेन्सचं माप घेण्याआधी काही आठवडे साखर स्थिर हवी. ऑपरेशनच्या दिवशी ती २०० च्या आत असावी असं बहुतेक सर्जन बघतात. पण त्यासाठी आदल्या दोन दिवसांत उपास करून किंवा गोळ्या वाढवून ती खाली आणायची नाही. टेबलवर साखर उतरणं चढण्यापेक्षा वाईट.

आता ते अपवाद, जिथे माणसाचं अडतंय का हे विचारायचं नसतं. भिंग फुगून पुढे सरकलंय आणि डोळ्याच्या आतल्या पाण्याचा बाहेर जायचा रस्ता अरुंद झालाय. मोतीबिंदू पूर्ण पांढरा झालाय, किंवा अतिपिकून त्यातला द्रव झिरपू लागलाय. या दोन्हींत प्रेशर अचानक वाढतं: डोळा लाल, भयंकर दुखणं, अर्धं डोकं ठणकणं, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी. उलटीमुळे लोक पित्त समजतात आणि रात्र काढतात. तसं करू नका, त्याच रात्री डोळ्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचा, कारण प्रेशरने सुकलेली नस पुन्हा येत नाही. ‘पिकू द्या’वर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. तिसरा अपवाद साधा आहे: ज्येष्ठ माणूस वर्षभरात दोनदा पडला आणि नजर कमी आहे, तर मांडीचं हाड मोडायची वाट बघायची नाही.

थांबण्याची कारणंही असतात. पापण्यांच्या कडांना कोंडा आणि सूज, डोळ्यातून सतत पाणी आणि नाकाजवळ दाबल्यावर पू येणं (अश्रुपिशवीचा संसर्ग) हे आधी बरं करायचं, नाहीतर तेच जंतू डोळ्यात जातात. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर फिजिशियन सांगतील तेवढं थांबायचं. डोळ्याच्या आत संसर्ग होण्याचं प्रमाण चांगल्या ठिकाणी हजारात एकाहून कमी आहे, पण शून्य नाही. ज्याला चष्म्याने सगळं नीट दिसतंय त्याने तो धोका कशासाठी घ्यायचा? थेंब घालून, डोळ्यांचे व्यायाम करून, मध घालून मोतीबिंदू विरघळत नाही. मध-गुलाबपाणी डोळ्यात घालूच नका.

मग तुमच्यासाठी हिशेब असा होतो. पंधरा दिवसांत पूर्ण तपासणी, बाहुली मोठी करून, पडद्याच्या ओसीटीसह. खासगी नको असेल तर ठाण्याचं सिव्हिल आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. सरकारी व्यवस्थेत मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. उजवा डोळा नवीन नंबरने ६/९-६/१२ आला आणि पडदा ठीक असेल, तर चष्मा बदला आणि सहा महिन्यांनी दाखवा. नवीन नंबरनेही ६/१८ राहिला, मेळ बसला, पडद्याला सूज नाही, तर येत्या दोन-तीन महिन्यांत सोयीची तारीख बघून उजवा करून घ्या. डाव्याला आत्ता हात लावायचं कारण दिसत नाही. एक अट आहे: वडिलांचा नंबर मुळात मोठा, उणे पाच-सहा असेल, तर उजवा शून्यावर आल्यावर दोन डोळ्यांचा एकत्र चष्मा जमत नाही आणि डावाही काही आठवड्यांतच करावा लागतो. हे आधीच विचारून घ्या, नंतर ‘दुसऱ्याचंही सांगितलं’ म्हणून शंका नको. दोन्ही डोळे एकाच दिवशी करून घेण्याचा आग्रह धरू नका.

तारखेबद्दल. ‘पावसाळ्यात नको, थंडीत करू’ याला आता अर्थ नाही. टाके आणि आठवडाभर पडून राहणं होतं तेव्हाची ती गोष्ट. ऋतूपेक्षा घरातलं कॅलेंडर बघा. पहिले दोन आठवडे डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून डोक्यावरून अंघोळ नाही. फोडणीचा धूर, धूप, गुलाल, मिरवणुकीची गर्दी यांपासून लांब. गणपतीच्या तोंडावर किंवा घरात लग्न असताना तारीख घेऊ नका. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आताच काढून वाचा. मोतीबिंदूसाठी बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं थांबावं लागतं आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा असते. लेन्सच्या ‘या महिन्यापुरत्या’ सवलतीवर तारीख ठरवू नका. मल्टिफोकल लेन्सचा विषय वेगळा आणि मोठा आहे. मधुमेहाने पडदा बिघडलेला असेल तर ती सहसा घेऊ नये एवढंच इथे सांगतो.

तपासणीला जाताना सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं आठवायला जाऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. फेको बहुधा थेंबांच्या भुलीवर होतं आणि त्यात त्या अनेकदा चालू ठेवतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी घेऊन बंद केलं असेल, तरी आवर्जून सांगा. त्या औषधाने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो, ऑपरेशनच्या मधेच बाहुली आकसते. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत असतो, नसेल तर सोपी केस अवघड होते. हे औषध डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचं असतं असं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आणि तारीख पक्की करण्याआधी घरात एक गोष्ट ठरवा: थेंब कोण घालणार. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा-आठ वेळा, मग कमी करत एकूण चार ते सहा आठवडे. वडिलांना हात थरथरत असल्यामुळे स्वतः जमणार नसेल आणि तुम्ही दोघंही सकाळी साडेसातची लोकल पकडत असाल, तर दुपारच्या थेंबांना शेजारच्या काकू किंवा रजेवर असलेली बहीण कोणत्या आठवड्यात मोकळी आहे, तो आठवडा निवडा. त्या घालणाऱ्या व्यक्तीला हेही सांगून ठेवा: दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसतंय, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जायचं.